चालत्या पिकअपची लाईट एकदम जाते

प्रश्न (चाळीसगाव): १२ व्होल्टची डिझेल पिकअप. कन्नड घाटात डॅशबोर्ड, हेडलाईट, हॉर्न आणि इंजिनसुद्धा एकदम बंद. थोड्या वेळाने आपोआप सगळं परत. बॅटरी नवी आहे. कुठून बघू?

उत्तर (धुळे): सगळंच गेलं म्हणजे छोटे फ्यूज तपासत बसू नका, भाऊ. बॅटरीचे क्लॅम्प, अर्थची पट्टी (बॅटरीच्या निगेटिव्हपासून इंजिन-चासीला जाणारी), मेन फ्यूज, इग्निशन स्विच, एवढंच. क्लॅम्प हाताने हलला तर दोष तिथेच. आधी निगेटिव्ह काढा, पोस्ट (बॅटरीचे शिशाचे खुंट) घासून चकचकीत करा, निगेटिव्ह शेवटी जोडा.

उत्तर (भुसावळ): मीटरवर १२.६ व्होल्ट दिसले म्हणून खुश होऊ नका. लोड नसेल तर तुटत आलेल्या केबलची एक तारही १२.६ दाखवते. मीटरची एक पिन निगेटिव्ह पोस्टच्या शिशावर (क्लॅम्पवर नाही), दुसरी इंजिन ब्लॉकवर; कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. ०.२ व्होल्टपर्यंत ठीक, ०.५ च्या वर गेलं तर अर्थ खराब. मग हीच तपासणी चासीवर, हेडलाईट लावून. पट्टीच्या बोल्टखाली रंग किंवा गंज असतोच बहुतेक.

उत्तर (अमळनेर): पुन्हा गेली की केबिनचा दिवा लावा. तो बहुधा थेट बॅटरीवर असतो. पेटला तर इग्निशन स्विच बघा. आणि चालू इंजिनवर बॅटरी काढून अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा) तपासायचा जुना प्रकार नको, ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) जळू शकतो.