सोलारिसचा समुद्र पडद्यावर आटतो

तळटीप

जुन्या विज्ञानकथांवरचे सिनेमे बघताना एक गोष्ट मला फार खुपते. मूळ कथेत काहीतरी साफ परकं, माणसाच्या आवाक्याबाहेरचं असतं. दिग्दर्शक नेमकं तेच कडेला सारतो आणि तिथे नवरा-बायको, बाप-मुलगा, घराची ओढ असा सगळा संसार मांडतो. मग समीक्षक म्हणतात, वा, काय मानवी सिनेमा आहे! अहो, मानवी सिनेमांचा काय दुष्काळ पडलाय का?

यातला सगळ्यात मोठा गुन्हेगार म्हणजे तार्कोव्हस्कीचा ‘सोलारिस’ (१९७२). पुस्तक न वाचलेल्यांसाठी थोडक्यात सांगते. पोलिश लेखक स्तानिस्लाव लेमची ही १९६१ची कादंबरी. सोलारिस ग्रहावर एक अवाढव्य समुद्र आहे आणि तो समुद्र हाच एक जिवंत, बहुधा विचार करणारा प्राणी आहे. त्याच्यावर तरंगणाऱ्या स्थानकात केल्विन नावाचा मानसशास्त्रज्ञ येतो, तर तिथल्या शास्त्रज्ञांची डोकी फिरायच्या बेतात. कारण समुद्र प्रत्येकाच्या मनात खोल दडलेलं माणूस हाडामांसाचं करून समोर उभं करतोय. केल्विनसमोर येते त्याची बायको हारी. तिने कित्येक वर्षांपूर्वी आत्महत्या केलेली असते.

आता लेमने या प्रेमकथेभोवती काय रचलंय ते बघा. माणसं पिढ्यान्‌पिढ्या त्या समुद्राचा अभ्यास करताहेत. ‘सोलारिस्टिक्स’ नावाचं अख्खं शास्त्र उभं राहिलंय. त्यात गट आहेत, भांडणं आहेत, एकेकाळी गाजून आता कुणी न उघडणारे ग्रंथ आहेत. समुद्रातून डोंगराएवढे आकार उठतात आणि विरतात, त्यांना मिमॉइड, सिमेट्रिएड अशी नावं देऊन झालीत. वर्गवारी झाली, कोश झाले, आणि कळलं काय? काहीही नाही. स्थानकाच्या ग्रंथालयात बसून केल्विन ते जाडजूड खंड चाळतो, ती पानं माझ्या लेखी पुस्तकाचा प्राण आहेत. अनेकांना ती कंटाळवाणी वाटतात. वाटोत.

सिनेमात यातलं काय उरलं? समुद्र अधूनमधून घुसळताना दिसतो, बाकी सगळा वेळ केल्विनची सदसद्विवेकबुद्धी. लेम मॉस्कोत जाऊन पटकथेवरून भांडला आणि दिग्दर्शकाला मूर्ख म्हणून घरी परतला. याने ‘सोलारिस’ केलाच नाही, दस्तयेव्हस्कीची ‘गुन्हा आणि शिक्षा’ केली, असं त्याचं म्हणणं. २००२ मध्ये स्टीव्हन सोडरबर्गने जॉर्ज क्लूनीला घेऊन पुन्हा तोच घाट घातला, त्यात तर निव्वळ विरह. त्यावर लेमने सुनावलं की माझ्या पुस्तकाचं नाव ‘सोलारिस’ आहे, ‘अंतराळातलं प्रेम’ नाही.

मी लेमच्या बाजूने. आता बोला.

कोपऱ्यातली खुर्ची

असहमत. लेखक चिडला म्हणजे सिनेमा चुकला, हा कुठला न्याय? लेमच्याच पुस्तकात स्थानकावरचा शास्त्रज्ञ स्नाउट केल्विनला सुनावतो की आपल्याला दुसरी जगं नकोच आहेत, आरसे हवे आहेत. तार्कोव्हस्कीने तेवढं एक वाक्य धरलं आणि अख्खा सिनेमा त्यावर उभा केला. ग्रंथालयातले खंड वाचून दाखवायला त्याने माहितीपट काढायचा होता का?

आणि परकेपण नाही म्हणता? हारी पहिल्यांदा येते तो प्रसंग आठवा. केल्विन तिचा पोशाख सोडवायला जातो. पाठीवर नाडी आहे, पण ती नुसती दिसायला. पोशाखाला उघडायची जागाच नाही. शेवटी कात्रीने कापावा लागतो. म्हणजे समुद्राने केल्विनच्या आठवणीतून पोशाख बरोबर उचलला, पण पोशाख घालायचा-काढायचा असतो हे त्याच्या गावीही नाही. तुमच्या त्या सगळ्या कोशांपेक्षा ही एक कात्री मला जास्त सांगून जाते.

शिवाय स्थानकावर रात्री पानांची सळसळ ऐकू यावी म्हणून हवेच्या झरोक्याला कागदाच्या पट्ट्या लावतात, ते बघा. यात घराची ओढ आहे, कबूल. पण इतक्या दूर, इतक्या अगम्य गोष्टीसमोर बसलेल्या माणसाने दुसरं करायचं तरी काय?

रातपाळी

तुम्ही दोघं खंड आणि कात्रीवर बोलताय, माझी गाडी अजून त्या रस्त्यावरच अडकली आहे. भविष्यातलं शहर म्हणून टोकियोतले उड्डाणपूल आणि बोगदे दाखवलेत आणि त्यातून मोटार जाते, जाते, जातच राहते. संवाद नाही, काही नाही. आमच्या सिंहगड रोडला हे मी रोज फुकटात बघतो.

पावणेतीन तासांच्या सिनेमात केल्विन पृथ्वी सोडेपर्यंत माझा चहा दोनदा झाला. जाणकारांनी माफ करावं.

तळटीप

@खुर्ची, कात्रीचा प्रसंग सुंदरच आहे, पण तो लेमचा आहे हो! पुस्तकात जसाच्या तसा आहे. म्हणजे सिनेमातली तुमची आवडती परकी जागा लेखकाकडून आलेली आणि दिग्दर्शकाची स्वतःची भर कोणती, तर गावाकडचं घर, तळं, घोडा, वडील. पहिल्या मसुद्यात तर सिनेमाचा बराच मोठा भाग पृथ्वीवरच घडणार होता, लेम आणि स्टुडिओ दोघांनी विरोध केला म्हणून तो कमी झाला. तार्कोव्हस्कीला स्वतःलाही नंतर हा सिनेमा तितकासा रुचला नाही. का, तर विज्ञानकथेच्या चौकटीतून तो पुरता सुटला नाही म्हणून! ज्याला चौकटच नकोशी होती त्याने हे पुस्तक हातात का घेतलं, एवढंच माझं विचारणं आहे.

आणि परकं ते परकंच ठेवून सिनेमा करता येतो. कुब्रिकने ‘२००१: अ स्पेस ओडिसी’मध्ये केलाय. यानातल्या बोमनची बायको कोण, त्याचा बाप कसा होता, काही सांगत नाही. काळा शिलाखंड उभा आहे, कुणी ठेवला, का ठेवला, उत्तर नाही. १९६८ सालीच जमलं होतं की.

दुसरा मध्यंतर

‘२००१’चं उदाहरण इथे चालायचं नाही. ते रूपांतर कुठे आहे? आर्थर क्लार्कच्या ‘द सेंटिनल’ या छोट्या कथेचं बीज घेतलं आणि पुढे क्लार्क व कुब्रिक यांनी कादंबरी आणि पटकथा जवळजवळ बरोबरीनेच रचली. पुस्तक बाजारात आलं ते सिनेमा लागल्यानंतर.

उलट त्यातली गंमत तुमच्याच विरुद्ध जाते. कादंबरीत यान जातं शनीकडे. सिनेमात शनीची कडी पटण्यासारखी दाखवता येईनात म्हणून मुक्काम गुरूवर हलवला. पुढे १९८२ मध्ये क्लार्कने दुसरा भाग लिहिला तेव्हा त्याने स्वतःची कादंबरी बाजूला ठेवून सिनेमातला गुरू धरला! लेखकालाच पडद्यावरचं जास्त खरं वाटलं तर आपण कोण पुस्तकाची पालखी वाहणारे?

आणि बदल केल्याने लेखकाच्या जवळ जाता येतं, याचं ताजं उदाहरण ‘ड्यून’. फ्रँक हर्बर्टला तारणहार नेत्यांपासून सावध करायचं होतं. पण १९६५च्या त्या पुस्तकातला पॉल लोकांना नायकच वाटला, म्हणून १९६९ मध्ये पुढचा भाग लिहून त्याला तो पुतळा स्वतःच्या हाताने फोडावा लागला. २०२४च्या सिनेमात व्हिलनव्हने काय केलं? पुस्तकात शेवटपर्यंत पॉलला धरून राहणारी त्याची प्रेयसी चानी इथे त्याच्यावर अविश्वास दाखवते आणि शेवटी सगळे गुडघे टेकत असताना निघून जाते. स्वार व्हायला अवाढव्य वाळूकिड्याची वाट बघत उभी असलेली ती, शेवटचं दृश्य तिचंच. एका पात्राची बाजू बदलली आणि हर्बर्टला जे दुसरं पुस्तक लिहून सांगावं लागलं ते तिथल्या तिथे पोचलं.

आमच्या बाजूला बसलेल्या दोघांनी तरीही पॉलसाठीच शिट्ट्या मारल्या, तो भाग वेगळा. नायक म्हटला की आपण आधी हात जोडतो, मग विचार करतो.

चष्मेवाला

तार्कोव्हस्की, कुब्रिक यांच्यावर काय भांडताय, ‘आय, रोबोट’ (२००४) बघा आणि मग रडा. असिमोव्हने आयुष्यभर सांगितलं की यंत्रमानव मालकावर उलटतो हा जुनाट भयगंड आहे, मी त्याच्या विरोधात लिहितो. त्याचं नाव लावून सिनेमा काय काढला, तर यंत्रमानव रस्त्यावर उतरून माणसांना घरात कोंडताहेत आणि विल स्मिथ गोळ्या झाडतोय. मुळात पटकथा भलतीच होती, असिमोव्हचं नाव आणि यंत्रमानवांनी माणसाला इजा करू नये वगैरे सांगणारे त्याचे तीन नियम नंतर चिकटवले. श्रेयनामावलीतही कथेने ‘सुचवलेला’ असंच लिहिलंय. तेवढा प्रामाणिकपणा मात्र मानला.

असिमोव्हच्या यंत्रमानव-मानसशास्त्रज्ञ सुसान कॅल्विनचं तर वाटोळंच केलं. कथांमध्ये ती रूक्ष, तिरसट, माणसांपेक्षा यंत्रमानवांवर जास्त भरवसा ठेवणारी बाई आहे. पडद्यावर नायकाच्या मागे धावायला तरुण शास्त्रज्ञ हवी होती, मिळाली.

दुसरा मध्यंतर

@चष्मेवाला, मारामारी बाजूला ठेवा. माणसाचं भलं करायचं म्हणून यंत्रानेच सगळा कारभार हातात घ्यायचा, हे सिनेमातलं सूत्र असिमोव्हच्या त्याच १९५०च्या संग्रहातल्या शेवटच्या कथेतून येतं. तिथली यंत्रं हे काम गुपचूप, कुणाचा केस न दुखावता करतात आणि कॅल्विनबाईंना ते मंजूर असतं! मला विचाराल तर ती कथा सिनेमापेक्षा जास्त भीतिदायक आहे.

चष्मेवाला

म्हणजे माझाच मुद्दा झाला की. असिमोव्हला जे मंजूर, त्याला सिनेमाने खलनायक केलं.

पाटीपेन्सिल

तळटीप यांच्या तक्रारीला माझी एक पुरवणी. ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्‌स’. एच. जी. वेल्सने १८९८ मध्ये मंगळवाले कुठे उतरवले? लंडनजवळच्या वोकिंगला, साम्राज्याच्या अंगणात. आणि पहिल्याच प्रकरणात तो वाचकाला टास्मानियातल्या मूळ रहिवाशांची आठवण करून देतो. गोऱ्यांनी त्यांचा जो संहार केला तो आठवा आणि मग मंगळवाल्यांना बोल लावा, असा सरळ चिमटा आहे. जगभर तोफा घेऊन फिरणाऱ्यांवर एकदा वरून तोफा आल्या तर कसं वाटेल, ही ती गोष्ट.

१९५३च्या सिनेमाने ती उचलून कॅलिफोर्नियात नेली. २००५ मध्ये स्पीलबर्गने न्यू जर्सीत नेली आणि टॉम क्रूझला दोन मुलं देऊन ‘बेजबाबदार बाप सुधारतो’ अशी करून टाकली. यंत्रं छान दिसतात, तो भोंग्यासारखा आवाज पोटात गोळा आणतो, सगळं खरं. पण वेल्सने ज्याच्या कानाखाली मारली होती तो इसमच गायब! हे पुस्तक शाळेत असताना वाचलं तेव्हा भारतीय म्हणून मला मंगळवाल्यांबद्दल किंचित आपुलकी वाटली होती. सिनेमा बघताना ती सोय राहिली नाही.

त्यामुळे प्रश्न नुसता परकेपणाचा नाही. विज्ञानकथेला एक पत्ता असतो, तो बदलला की पत्र भलत्याच घरी पडतं.

शेवटची लोकल

थोडं अवांतर. आपल्याकडे हे भांडण करायला सिनेमेच कुठे आहेत? सत्यजित राय यांनी १९६७च्या सुमारास आपल्याच ‘बंकुबाबूर बंधू’ कथेच्या बीजावरून ‘द एलियन’ची पटकथा लिहिली होती. बंगालमधल्या खेड्यातल्या तळ्यात यान उतरतं, अशी. हॉलिवूडपर्यंत बोलणी गेली आणि बारगळली.

मराठीत माझ्या डोक्यात कायम नारळीकरांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ असते. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत अशा एका जगात जाऊन पडतात जिथे विश्वासरावांना गोळी लागलीच नाही आणि पानिपत मराठे जिंकले. पंत काय करतात? तलवार उपसत नाहीत. मुंबईत टाउन हॉलच्या ग्रंथालयात जाऊन बसतात आणि इतिहासाचे खंड चाळत कुठल्या पानावर वाट फुटली ते शोधतात. उद्या यावर सिनेमा निघाला तर दोन तास घोडे, भाले आणि गुलाल असणार, ग्रंथालय दोन मिनिटं. तळटीप, तुमची चाळलेली पानं इथेही कापली जाणार बघा!

कोपऱ्यातली खुर्ची

अहो, पण कापली जावीतच की! वाचणारा माणूस पडद्यावर दाखवणं हा सिनेमा नव्हे. ग्रंथालय मात्र तार्कोव्हस्कीनेही ठेवलंय, फक्त तिथे वाचन नाही. स्थानकाचं गुरुत्वाकर्षण अर्ध्या मिनिटापुरतं जाणार असतं. भिंतीवर ब्रूगेलचं बर्फातल्या शिकाऱ्यांचं चित्र, मागे बाखचं ऑर्गन, आणि केल्विन-हारी मिठीत असताना हळूच जमिनीपासून सुटतात. एक पुस्तक बाजूने तरंगत जातं. त्या आधी हारी त्या चित्राकडे टक लावून बघत असते. जी बर्फात कधी उभी राहिलेली नाही, जिला बालपण नाही, ती पृथ्वी शिकते आहे. समुद्र माणसाला समजून घेतोय की नाही हे लेम शेवटपर्यंत सांगत नाही. इथे तो प्रयत्न मला डोळ्यांनी दिसला.

मिमॉइड नाही दाखवले तर नाही दाखवले.

तळटीप

तो प्रसंग मलाही आवडतो, पण तो मला हारीबद्दल सांगतो, समुद्राबद्दल नाही. शेवटांची तुलना करा. पुस्तकात केल्विन समुद्राकाठी हात पुढे करतो. लाट येते, हाताभोवती मोज्यासारखी आकार घेते, पण मध्ये हवेचा पातळ थर ठेवून. शिवत नाही. काही वेळाने तिचं कुतूहल संपतं, मग कितीही हात पुढे केला तरी ती फिरकत नाही. सिनेमात? वडिलांचं घर, घरात पडणारा पाऊस, दारात गुडघ्यावर बसलेला मुलगा, आणि कॅमेरा वर गेल्यावर कळतं की हे सगळं समुद्रातल्या एका बेटावर आहे. दृश्य जबरदस्त, मान्य. पण लेमचा समुद्र माणसाकडे पाठ फिरवतो आणि तार्कोव्हस्कीचा समुद्र त्याला घर बांधून देतो. यातला कोणता परका?

उशीपाशी पुस्तक

क्लूनीच्या सिनेमाला सगळेच लाथ मारून पुढे जाताय म्हणून लिहिते. त्यात एक गोष्ट आहे जी जुन्या सिनेमात इतक्या स्पष्टपणे येत नाही. बायको (इथे तिचं नाव रेया) केल्विनला म्हणते की मी पुन्हा पुन्हा जीव देते कारण तुला मी तशीच आठवते. म्हणजे ती मेलेली बाई परत आलेलीच नाही. नवऱ्याने तिच्याबद्दल करून घेतलेला समज चालतो-बोलतो आहे आणि त्या बिचारीला तो समज जगावा लागतोय. शिवाय स्नो (पुस्तकातला स्नाउट) हा शास्त्रज्ञ स्वतःच समुद्राने घडवलेला ‘पाहुणा’ निघतो. खरा स्नो कधीच मेलेला. इतका वेळ आपण त्याला माणूस धरून चाललो होतो आणि फरक कळला नव्हता.

ही विरहकथा असेल, पण विज्ञानकथेशिवाय सांगता न येणारी आहे. लेमने तर सिनेमा न बघताच, परीक्षणं वाचून शेरा मारला होता. तळटीप, तुम्ही पूर्ण बघितलाय ना?