गप्प बसला म्हणजे इम्पोस्टर? काय हा न्याय!

गप्पखलाशी:
अमंग अस हा ऑनलाइन खेळ: यानावरचे क्रूमेट नेमून दिलेली कामं (टास्क) करतात, त्यांच्यात लपलेले इम्पोस्टर एकेकाला मारतात, आणि प्रेत सापडलं की मीटिंगमध्ये चॅटवर बोलून, वोट टाकून संशयिताला यानाबाहेर फेकतात. परवा लालटोपी यांनी इथे लिहिलं की यात पुरावे काय शोधता, माणूस ओळखा. मीटिंगमध्ये गप्प तो सस (संशयित), विचारल्यावर उशिरा बोलला तो पक्का इम्पोस्टर. वर 'माझा अंदाज सहसा चुकत नाही'. त्याला पंधरा जणांचे अंगठे. मी उत्तर देणार नव्हतो, पण रविवारी याच न्यायाने मला तीनदा यानाबाहेर फेकलंय. तिन्ही वेळा मी क्रूमेट!

मी उशिरा बोलतो कारण मी देवनागरीत टाईप करतो. 'मी ॲडमिनमध्ये होतो, तिथून खाली स्टोरेजला गेलो' एवढं लिहून होईपर्यंत चार वोट पडलेले असतात. बाकीचे 'व्हेअर' असा एक शब्द टाकून सज्जन ठरतात.

अहो, पुरावा समोर असतो. कार्ड स्वाइप हे कॉमन टास्क, असलं तर सगळ्यांना, नाहीतर कुणालाच नाही. कुणाच्याच यादीत नसताना एकजण 'कार्ड स्वाइप करत होतो' म्हणाला की संपलं. स्केल्ड या नकाशावर इलेक्ट्रिकल खोलीचं व्हेंट, म्हणजे इम्पोस्टरची चोरवाट, मेडबेला आणि सिक्युरिटीला जोडलेलं आहे. मेडबेत जाताना कुणी पाहिलं नाही असा माणूस मेडबेतून बाहेर येतो आणि प्रेत इलेक्ट्रिकलमध्ये सापडतं, तर त्याचा चेहरा कशाला वाचायचा? चेहरा तरी कुठे असतो, हेल्मेट असतं.

लालटोपी:
एवढं मोठं लिहिता येतं की! मग मीटिंगमध्येच बोटं का अडकतात?
तुम्ही सांगितलेलं सगळं इम्पोस्टरलाही पाठ असतं. तो आधी बघतो, ॲडमिनमध्ये कुणी कार्ड घासतंय का, मगच थाप मारतो. मेडबेच्या स्कॅनवर विश्वास ठेवावा तर आमच्या लॉबीत व्हिज्युअल टास्क (करताना इतरांना दिसणारी कामं) बंदच असतात. उरतं काय? माणूस. या सगळ्या खेळांचं मूळ माफिया हा खेळ, १९८६ साली मॉस्को विद्यापीठात दिमित्री डेव्हिडॉफ या मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याने काढलेला. तिथे ना व्हेंट ना कॅमेरे, फक्त बोलणं.

आकडेमोडे:
मानसशास्त्राचं नाव काढलंतच तर तेही ऐका. बाँड आणि डीपॉलो यांनी २००६ मध्ये खोटं ओळखण्याचे दोनशेच्या वर अभ्यास एकत्र तपासले. लोकांचा अंदाज बरोबर आला सरासरी ५४ टक्के वेळा. नाणं उडवलं तरी ५०.
आणि दहाजणांत दोन इम्पोस्टर असताना पहिल्या खुनानंतर उरतात नऊ. एक चुकीचा वोट, मग सहा विरुद्ध दोन. एक खून, पुन्हा चुकीचा वोट, चार विरुद्ध दोन. आणखी दोन खून की दोघांस दोघे, म्हणजे इम्पोस्टर जिंकले, खेळ खल्लास. लालटोपींच्या दोन 'सहसा'त सगळे मेले.

लालटोपी:
५४ म्हणजे पास हो. तुम्हाला दहावीत किती होते?

चिठ्ठीवाली:
मॉस्कोला कशाला जाता? आपण लहानपणी राजा-प्रधान-शिपाई-चोर खेळलोच ना. उरलेल्या दोघांतून शिपायाने चोर ओळखायचा. माझी आजी शिपाई झाली की चोर सुटायचा नाही. म्हणायची, 'चोर चिठ्ठी उघडतो आणि लगेच मिटतो.' त्यामुळे मी लालटोपींच्या बाजूने. राजाला १०००, प्रधानाला ८००, शिपायाला ५००, चोराला शून्य.

सांगलीकर:
शिपायाला ५००?? कुणी शिकवलं? शिपायाला १००. आणि चोर ओळखायचा प्रधानाने. शिपाई ओळखायला लागला तर प्रधान काय पान खाणार?

चिठ्ठीवाली:
आमच्या वाड्यात शिपाईच ओळखायचा. चोर पकडणं शिपायाचं काम आहे, तुमच्याकडे प्रधान पकडत असतील.

सांगलीकर:
वाडा म्हटलं की संपलं! पुण्याचे नियम तेवढे खरे, बाकी आम्ही गवत उपटत होतो.

चिठ्ठीवाली:
मी नाशिकची आहे, दादा. वाडे तिथेही असतात.

पाचवाभिडू:
पाचजण असले की राणी पण असते, तिला ९००. ती कशी विसरलात?

सांगलीकर:
राणी नंतर घुसडलेली आहे.

आकडेमोडे:
आजीबद्दल आदर आहे, पण दोघांतून एक ओळखायचा तर निम्म्या वेळा कुणीही बरोबरच येणार. चुकलेले डाव नातवंडं विसरतात.

चिठ्ठीवाली:
आजीवर घसरायची गरज नव्हती. ती गेली चार वर्षांपूर्वी. टक्केवारी तुमच्याजवळच ठेवा.

आकडेमोडे:
माफ करा. तसं म्हणायचं नव्हतं.

गप्पखलाशी:
अहो, मूळ विषय माझा होता. पण ताईंच्या आजींचं एक पटलं. त्या सगळ्यांना एकाच मापाने मोजत नव्हत्या, घरातला कोण कसा चिठ्ठी मिटतो ते त्यांना वर्षानुवर्षं माहीत होतं. लालटोपी मला दोन आठवडे ओळखतात. मी डावात काहीही असलो तरी गप्पच असतो, हे त्यांना ठाऊकच नाही.

लालटोपी:
बरं बाबा. रोजच्या भिडूंपुरतं माझं म्हणणं खरं, नवख्यांपुरतं नाही. झालं समाधान? होस्टला सांगून डिस्कशन टाइम वाढवून घेतो, देवनागरी महामंडळासाठी खास ३० सेकंद. तेवढा वेळ वोटच टाकता येणार नाही.

गप्पखलाशी:
४५. आणि रविवारच्या शेवटच्या डावात इलेक्ट्रिकलमध्ये प्रेत पडलं तेव्हा तुम्ही कुठे होतात?

लालटोपी:
मेडबेत. का?

आकडेमोडे:
😂

सांगलीकर:
ते जाऊ दे. शिपायाला १००च.