चिनी लेखक माओ दुनची 'वसंतातले रेशीमकिडे' ही कथा वाचून झोप उडाली. पुढं काय वाचू?

तुतीवाली, खटाव
आमची एक एकर तुती आहे. रेशीमअळ्यांची बॅच चंद्रिकेवर, म्हणजे कोष विणायच्या जाळीवर, चढली की चार-पाच दिवस उसंत मिळते. तेवढ्यात वडिलांची पत्र्याची पेटी उघडली. वडील सांगलीत शिक्षक होते. पेटीत पेकिंगला छापलेलं एक इंग्रजी पुस्तक निघालं, त्यातली पहिलीच कथा ही, १९३२ सालची.

म्हातारा तुंगपाओ लसणाचा गड्डा मातीनं माखून भिंतीशी ठेवतो, कोंब किती फुटतात त्यावरून पिकाचा अंदाज बांधतो. त्याची सून अंड्यांचं कापड छातीशी धरून उबवते. आमच्याकडं आता चॉकीच्या, म्हणजे दुसरीकडं उबवून थोड्या वाढवलेल्या, अळ्या येतात, उबवायचं काम राहिलं नाही. पण अळ्यांच्या पाचव्या, शेवटच्या अवस्थेत सासूबाई अजून रात्री दोनला उठून पाला टाकतात. अंधारात शेडमध्ये उभं राहिलं की पत्र्यावर पाऊस लागल्यागत अळ्यांच्या खाण्याचा आवाज येतो. त्या महिनाभराच्या जागरणाबद्दल कुणी इतकं खरं लिहिलं असेल असं वाटलं नव्हतं.

लसणाला कोंब कमी फुटतात, तरी कोष सुरेख येतात. पण शांघायला लढाई झालेली, रेशमाच्या गिरण्यांना कुलपं. शेवटी घरावर तीस डॉलरचं नवं कर्ज होतं आणि गहाण पडलेली तुतीही जाते.

एका वर्षी आम्हाला शंभर अंडीपुंजांमागं ७८ किलो कोष निघाले होते. एवढे पुन्हा कधी निघाले नाहीत. रात्रभर गाडी हाकून कर्नाटकात रामनगरच्या कोष बाजारात पोचलो तर भाव निम्म्यावर. परतताना हे निपाणीपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. सासूबाई म्हणाल्या, दृष्ट लागली.

ह्या लेखकाचं, त्या काळचं आणखी काय वाचू?

कृष्णाकाठ, पलूस
ताई, ह्याच घराच्या पुढच्या दोन कथा आहेत, 'शरदाचं पीक' आणि 'सरता हिवाळा'. त्या आधी मिळवा. भातही भरघोस येतं आणि भाव पडतो. म्हातारा जातो. धाकटा मुलगा आतुओ मात्र उपाशी गावकऱ्यांबरोबर साठेबाजांच्या तांदळावर तुटून पडतो.

मी हे कॉलेजात वाचलं तेव्हा आजोबा हयात होते. प्रतिसरकारच्या काळातल्या, १९४३-४४च्या गोष्टी ते सांगायचे: गावातच निवाडा, सावकाराचे दागिने परत. तोवर त्या मला शौर्याच्या गोष्टी वाटायच्या. आतुओ वाचल्यावर मी आजोबांना पहिल्यांदा विचारलं, तेव्हा घरात ज्वारी किती होती? ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, आषाढापर्यंत पुरायची नाही.

मिरजेची वाचक
माझं थोडं वेगळं मत आहे. १९४२ला कम्युनिस्ट नेते माओ त्से-तुंग यांची साहित्य कसं असावं यावर यानआनला भाषणं झाली, त्यानंतरच्या पुष्कळ कादंबऱ्यांत नायक पहिल्या पानापासून घडीव वाटतो. जीव अडकतो तो आधीच्या लेखनात. लू शुनची 'जन्मगाव' ही कथा वाचा, १९२१ची. बालपणीचा जिवलग रुंतू, कलिंगडाच्या मळ्यात चांदण्यात राखण करणारा. तो जवळजवळ तीस वर्षांनी भेटतो आणि पहिला शब्द काढतो, "मालक!" त्या एका शब्दापाशी मी पुस्तक मिटलं होतं.

तुतीवाली, खटाव
मिरजेच्या ताई, आमच्याकडं तुती छाटायला येतात ते ह्यांच्या वर्गातले. एका बाकावर बसायचे. आता 'मालक' म्हणतात आणि चहा ओट्याखाली बसून पितात. इतकी वर्षं मला त्यात काही खटकलं नव्हतं.

काल रात्री ह्यांना कथा मराठीत सांगितली. सगळी ऐकून त्यांनी एवढंच विचारलं, "परत येताना म्हातारा काय बोलला?" मी पुन्हा पुस्तक काढून बघितलं. बोलण्याचं काही नाही. संतापानं तो वाटेतच आजारी पडतो, दोघं मुलगे त्याला धरून घरी आणतात.

हे उठून शेडकडं गेले. कोष उद्या काढायचेत.