डब्याचं दूध की कढईतलं? तुमचे किस्से येऊ द्या

मीच सुरू करते. दसऱ्याला बासुंदी करायला घेतली, दोन लिटर म्हशीचं दूध, तास झाला तरी पातळच आणि पाहुणे दारात. गुपचूप अर्धा डबा कंडेन्स्ड मिल्क ओतलं, वर साखरही घातली (त्यात आधीच ढीगभर असते हे विसरून). सासूबाईंनी पहिल्याच घोटाला विचारलं, "डब्याचं का गं?" तुमचं कोण पकडलं गेलंय?

---

आमच्याकडे खोटा खरवस! पुण्यात फ्लॅटमध्ये चीक कुठून आणणार. एक डबा मिल्कमेड, त्याच डब्याने मोजून दूध नि घट्ट दही, वेलची-जायफळ, कुकरची शिट्टी काढून 20-25 मिनिटं. दही आंबट नको, एकदा तसं झालं नि कोणी हात लावला नाही. आजी म्हणते, "हा खरवस नव्हे." आणि दुसरी वडी घेते.

---

आजोळ शिरोळकडचं, त्यामुळे बासुंदी म्हणजे नरसोबाच्या वाडीचीच. घरी मामी करायची तेव्हा कडेला धरलेली साय उलथन्याने खरवडून परत दुधात सोडायची, दर दोन मिनिटांनी, न कंटाळता. दाताखाली येतात ना ते सायीचे तुकडे, ते डब्यातून कसे येणार? गुळगुळीत लागतं नुसतं.

---

वरच्यांशी सहमत, पण डब्याचा माझा किस्सा वेगळाय. न उघडता पाण्यात उकळला की कॅरॅमल होतं असं रूममेट म्हणाला, ठेवला गॅसवर नि फोनवर बोलत बसलो, पाणी आटलं आणि ढब्ब! छतावर तपकिरी नक्षी. घरमालकांना सांगितलं ओल आलीय. कृपया कोणी करू नका, डबा फोडून वाटीत काढा, झाकण लावून कुकरला लावा.

---

ब्राझीलच्या साव पावलोहून. इथे मुलांच्या वाढदिवसाला ब्रिगादेरो लागतातच. डब्याचं दूध, कोको, लोणी, कढई सोडेस्तोवर हलवायचं, हाताला लोणी लावून लाडू वळायचे आणि चॉकलेटच्या कणांत घोळवायचे. मी एकदा कोको वगळून खोबरं घातलं, म्हटलं चला, नारळाच्या लाडवाचा नवीन शोध लावला. शेजारीण म्हणाली, हे तर बेइजिन्यो, आमची आजी करायची! तिला वाटलं मी तिच्यासाठीच केले, उरलेले डब्यात भरून घेऊन गेली.

---

हाहा. ते वाटीतलं कॅरॅमल किती शिट्ट्या पण? घरात एक डबा पडून आहे, सासूबाई गावाला गेल्यात.