'सूचर'ला मराठीत काय म्हणायचं? शिवण, सांधा की आणखी काही?

संत्रानगरी: भूविज्ञानाच्या एका पुस्तिकेचा अनुवाद करतोय. आपल्या नागपूरच्या उत्तरेला सौसर-बालाघाटच्या पट्ट्यात दोन प्राचीन भूखंड आदळून जुळले. दक्षिणेकडचा बस्तर, उत्तरेकडचा बुंदेलखंड. त्या जोडाला मी 'शिवण' लिहिलं, तर संपादक म्हणतात शिंप्याचं दुकान वाटतं, 'संधिरेषा' करा. आणि 'आउटक्रॉप'ला, म्हणजे जमिनीवर उघड्या दिसणाऱ्या खडकाला, 'दृश्यांश' चालेल का?

जुनापुराणा: सुश्रुताकडे शरीरातल्या शिवणीसारख्या जोडांना 'सेवनी' हा शब्द तयार आहे की! एकूण सात सांगितल्यात, त्यातल्या पाच डोक्यात. डॉक्टरही कवटीच्या त्या जोडांना सूचरच म्हणतात.

गोटाभाऊ: सेवनी वाचून लोकं औषध शोधतील. अन् दृश्यांश काऊन? 'उघडा खडक' म्हना ना, माह्या मायलेबी समजते.

जुनापुराणा: सगळंच मायला समजायला हवं असेल तर परिभाषा कशाला? बाय द वे, मध्य प्रदेशातल्या सिवनी गावाचं नावही याच 'सिव्' म्हणजे शिवणे या संस्कृत धातूवरून आलं असणार.

गोटाभाऊ: ते शिवणीच्या झाडावरून, असं सांगतात तिकडे. झाडाले कोन शिवते?

भिंगवाली: शब्द कोणताही ठेवा, पण त्या पट्ट्यात दिसणारा ग्रॅनाइट म्हणजेच शिवण असं वाचकाला वाटू देऊ नका. धडकेआधी मधल्या समुद्राचा तळ एका भूखंडाखाली सरकतो. त्यातून वर येणाऱ्या शिलारसाचे ग्रॅनाइट वरच्या भूखंडात, जोडापासून आत, रांगेनं थिजतात. धडकेनंतर जाड झालेलं कवच वितळून तयार होणारे वेगळे. त्यांच्यात पुष्कळदा काळा नि पांढरा असे दोन्ही अभ्रक भिंगाखाली चमकताना दिसतात. रांग कुठल्या अंगाला आहे आणि त्यातल्या झिरकॉन या खनिजावरून वय किती निघतं, यावरून जोडाचा माग काढायचा. तरी इथली मुख्य धडक १६० कोटी वर्षांपूर्वीची की १०० कोटी, यावर अजून भांडणं आहेत. म्हणून मी तरी 'सांधा'च म्हणेन. शिवणीत कुणीतरी नीट टाके घातल्यासारखं वाटतं.

संत्रानगरी: पण सांधा तर खडकातल्या साध्या भेगेलाही म्हणतात! घोटाळा होईल.

ओटेवाले काका: मध्येच विचारतो. आमच्या स्वयंपाकघरातल्या ओट्याचा काळा ग्रॅनाइट यातलाच का?

भिंगवाली: काका, काळाकुळकुळीत असेल तर तो बहुधा ग्रॅनाइटच नाही. गॅब्रो किंवा डोलेराइट असेल.

ओटेवाले काका: पावतीवर ग्रॅनाइट लिहिलंय!

जुनापुराणा: पाहा, शब्द सैल सोडले की असं होतं.

गोटाभाऊ: दुकानात जाऊन गॅब्रो मागून पाहा राजेहो. फरशीवाला चहा पाजून वापस पाठवते.