बाबांना रात्री कॅज्युअल्टीत नेलं, तर डॉक्टरांना नेमकं काय सांगायचं?

रातराणी
बाबा ८३ वर्षांचे. मंगळवारी रात्री दोन वाजता कपाटासमोर उभे राहून "गाडी सुटेल, माझी बॅग दे" म्हणत होते. मला आत्या समजले. ताप नाही, खोकला नाही, कुठे दुखत नाही. आदल्या सकाळी याच माणसाने पेपरातलं शब्दकोडं पूर्ण सोडवलं होतं.

कॅज्युअल्टीत ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी विचारलं, "वयामुळे विसरतात का नेहमी?" मी घाबरलेली, म्हणून गेले, "हो, थोडंफार." मग तीन तास ते स्ट्रेचरवर तसेच पडून. सकाळी मोठ्या डॉक्टरांनी छातीचा एक्स-रे काढायला लावला, तेव्हा न्यूमोनिया निघाला. आता घरी आलेत, सुधारताहेत. पण ते "थोडंफार" माझ्या मनातून जात नाही. पुन्हा वेळ आली तर पहिल्या पाच मिनिटांत काय सांगू? आणि ताप नसताना न्यूमोनिया होतोच कसा?

जुनी_सिस्टर
ताई, सव्वीस वर्षं कॅज्युअल्टीत काढली. घाबरलेल्या मुलांच्या तोंडून ते "थोडंफार" मी रोज ऐकलंय, तुम्ही स्वतःला दोष देऊ नका. पुढच्या वेळी फक्त हे सांगा: "काल सकाळी शब्दकोडं सोडवलं, आज मला ओळखत नाहीत." काल काय करत होते आणि आज काय करत नाहीत, एवढं कळलं की ऐकणारा डॉक्टर थांबतो. विसरण्याचा आजार महिन्या-वर्षांत वाढतो. काही तासांत उतरलेला गोंधळ म्हणजे डिलिरियम, आणि त्याच्या मागचं कारण शोधावंच लागतं. न्यूमोनिया, लघवीचं इन्फेक्शन, रक्तातलं सोडियम उतरणं, तुंबलेली लघवी, नवीन सुरू केलेली गोळी, कुठलंही असू शकतं.

बाबा बोलत होते म्हणून तुम्ही जाग्या झालात. काही म्हातारी माणसं उलट गप्प होतात, दिवसभर झोपून राहतात, घास तोंडात धरून बसतात. घरच्यांना वाटतं, दमलेत. मला या गप्प पेशंटांचीच जास्त धास्ती वाटायची.

तापाचं म्हणाल, तर उतारवयात शरीर तेवढं तापतच नाही. थकलेल्या म्हाताऱ्या माणसाला १०० फॅरनहाइट म्हणजे ताप धरायचा. बीपीसाठी बीटा-ब्लॉकर, म्हणजे नाडी मंद ठेवणारी गोळी चालू असेल तर इन्फेक्शनमध्येही नाडी फारशी धावत नाही. आणि ज्याचं बीपी नेहमी १६० असतं, त्याचं ११० भरलं तर ते नॉर्मल समजू नका. नेहमीचा आकडा सांगायला घरचंच माणूस लागतं.

चष्मा, कानाचं मशीन, कवळी बरोबर न्या. ऐकू न येणाऱ्याला "गोंधळलेला पेशंट" म्हणून लिहून टाकलेलं मी पाहिलंय. शांत करायला झोपेचं इंजेक्शन देणार असतील तर का, ते विचारा. त्याने गोंधळ अनेकदा वाढतो. आणि स्ट्रेचरवर वेळ लागणार असेल तर पोटऱ्यांखाली चादरीची घडी देऊन टाचा अधांतरी ठेवा, दर दोन तासांनी कूस बदला. कडक गादीवर काही तासांतच कातडी लाल व्हायला लागते.

उंबरठा
माझा अनुभव पडण्याचा. आई बाथरूममध्ये घसरली, डोक्याला साधं टेंगूळ. रक्त पातळ करणारं वॉरफेरिन चालू आहे हे मी सांगितलंच नाही, कुणी विचारलंही नाही. तिसऱ्या आठवड्यात डावा पाय ओढायला लागली. स्कॅनमध्ये मेंदूवर साचलेलं जुनं रक्त दिसलं. ऑपरेशन झालं, आता चालते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर दारातच सांगा, जखम दिसो वा न दिसो.

नाडी
मी इमर्जन्सीत डॉक्टर आहे. सिस्टरांशी सहमत, पण लघवीबद्दल थोडी सावधगिरी. वयस्क लोकांच्या, विशेषतः बायकांच्या लघवीत इन्फेक्शन नसतानाही जंतू सापडतात. तो रिपोर्ट हातात आला की शोध तिथेच थांबतो आणि खरं कारण राहून जातं.

आणखी तीन गोष्टी. हार्ट अटॅकमध्ये या वयात छातीत दुखेलच असं नाही. नुसता दम, घाम, उलटी किंवा एकाएकी आलेला अशक्तपणा असतो, म्हणून ईसीजी लगेच मागा. तोंड वाकडं झालं, हात गळाला, तर "शेवटचं ठीक कधी पाहिलं" ती वेळ सांगा. मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आत देतात, आणि घड्याळ त्या वेळेपासून चालू होतं, तुम्हाला कळलं तेव्हापासून नाही. डायबेटिसच्या ग्लिमेपिराइडसारख्या गोळीने साखर उतरली असेल तर ग्लुकोज दिल्यावर माणूस बोलायला लागतो, पण साखर पुन्हा उतरू शकते. त्याच रात्री घरी नेण्याची घाई करू नका.

रातराणी
तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. बाबांच्या पाकिटात ठेवायला कागद लिहिला: नेहमीचं बीपी, सगळ्या गोळ्या, कानाचं मशीन, आणि पहिल्या ओळीत "एकटे चालतात, हिशेब स्वतः लिहितात, शब्दकोडं सोडवतात."

सिस्टर, तुम्ही नवीन गोळी म्हणालात म्हणून ड्रॉवर पाहिला. आठवड्यापूर्वी खाजेसाठी आणलेली, झोप आणणारी अ‍ॅलर्जीची गोळी सापडली. रोज रात्री घेत होते, अजूनही घेताहेत. हॉस्पिटलमध्ये हे कुणालाच सांगितलं नव्हतं.

जुनी_सिस्टर
त्या जातीच्या गोळ्यांनी म्हातारपणी गोंधळ होतो, लघवीही अडते. आज रात्रीची देण्याआधीच डॉक्टरांना फोन करा. आणि ते गोळ्यांचं पाकीट फेकू नका, तपासणीला जाताना बरोबर न्या.