‘मॅगपाय मर्डर्स’: आतली गोष्ट सरस, बाहेरची ढिली?

प्रश्न: अँथनी हॉरोविट्झची ही कादंबरी (२०१६) संपवली. १९५५ मधलं इंग्लिश खेडं, डिटेक्टिव्ह अ‍ॅटिकस प्युंड, जिन्याच्या पायथ्याशी मेलेली घरकामवाली बाई: हे सगळं झकास. पण ही आतली गोष्ट म्हणजे अ‍ॅलन कॉनवे या लेखकाचं हस्तलिखित; ऐन उलगड्यापाशी ते तुटतं आणि ते वाचणाऱ्या संपादिका सुझन रायलंडचा तपास, म्हणजे बाहेरची गोष्ट, सुरू होतो. तिथे पकड का सुटते?

उत्तर १: सुझन एकेकाला गाठून प्रश्न विचारते, म्हणून मधला भाग रेंगाळतो. तक्रार रास्त आहे. पण तुटणं हा दोष नव्हे, तोच सांधा आहे. आतल्या गोष्टीचे भाग मॅगपाय पक्षी मोजायच्या इंग्लिश बडबडगीतावर बेतलेत (एक म्हणजे दुःख, सात म्हणजे गुपित) आणि नेमका सातवा, गुपिताचा, गायब. शिवाय आतली पात्रं लेखक अ‍ॅलन कॉनवेच्या ओळखीच्या माणसांवरून उचललेली. कागदावर दोन रकाने करा: खेड्यातलं माणूस, समोर खरं माणूस. सुझनची प्रत्येक भेट मग आधीच्या पानांकडे परत नेते.

उत्तर २: रकाने ठीक, पण खरी गोची विसरण्याची आहे. प्युंडचा उलगडा इतक्या उशिरा येतो की तोवर बारीक धागे डोक्यातून गेलेले असतात. हस्तलिखित तुटताच आपला संशयित कारणासकट लिहून ठेवा आणि शेवटाआधी अंत्यविधीचं पहिलं प्रकरण पुन्हा चाळा. सुगावे तिथे उघड्यावर पेरलेत.